गोठ्यातलं टेबल मोडीत काढण्याआधी



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एका ताईने सहा हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. लेक दहावीला, तिला अभ्यासाला टेबल पाहिजे. परतफेड चोख असल्याने गट देणारच होता. तेवढ्यात शेजारची ताई म्हणाली, "अगं, तुझ्या सासऱ्यांचं टेबल गोठ्यात कडब्याखाली पडलंय ना?"

बैठक झाल्यावर आम्ही सगळ्याच बघायला गेलो. हिरवा रंग पोपडे धरलेला, एक पाय डगमगता. पण लाकूड सागवानी! गटाचा दर महिना दोन टक्के, म्हणजे सहा हजारांवर पहिल्याच महिन्यात १२० रुपये व्याज. त्यापेक्षा हेच नीट करू, असं ठरलं.

तुमच्याकडेही असं काही असेल, तर आधी लाकूड तपासा. ठोकून बघा, स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. पोकळ आवाज आला किंवा टोक सहज आत गेलं, तर वाळवीने आतून खाल्लंय. तेवढा पाय सुताराकडून बदलून घ्या, वरून रंग लावून उपयोग नाही. सांध्यांत ढेकूण असतील तर उकळतं पाणी ओता, अंडीही मरतात. मग साबणाच्या पाण्याने धुवा आणि सावलीत, वाऱ्याला चांगलं वाळू द्या. कडक उन्हात लाकूड तडकतं.

वाळवायचा कंटाळा करू नका. मी घरची मांडणी श्रावणात घाईघाईने रंगवली होती. पंधरा दिवसांत रंगाला फोड आले. एमएसडब्ल्यूला हे शिकवत नाहीत!

डगमगता सांधा सोडवून जुना गोंद खरवडा, फेविकॉल लावा आणि सुतळीने आवळून एक दिवस तसंच ठेवा. भोकं असतील तर लाकडाचा बारीक भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरा.

आता घासणं. इथे मात्र जपून. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. सासऱ्यांच्या काळातलं टेबल त्याच्या कितीतरी आधीचं. ती धूळ पोटात गेली तर लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो, पोटातल्या बाळालाही धोका असतो. म्हणून जुना रंग कोरडा घासायचा नाही. पाण्यात भिजवून वापरायचा वॉटर पेपर दुकानात मिळतो, त्याने ओलं ठेवून घासा. अंगणात, खाली प्लास्टिक अंथरून, तोंडाला मास्क लावून. मुलं आणि गरोदर बाई जवळ नको. निघालेला रंग चुलीत घालू नका, परसबागेतही नको. पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. हात धुतल्याशिवाय भाकरीला बसू नका.

पुन्हा दोन दिवस वाळवा. ज्या लाकडाला रंगच नव्हता, त्याला साधा पॉलिश पेपर चालतो. आधी ८० नंबर, मग १२०, शेवटी २२०. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. हात लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच चालवायचा, आडवं घासलं की ओरखडे दिसतात.

मग वुड प्रायमरचा एक हात, वाळल्यावर ऑइल पेंटचे दोन पातळ हात, मध्ये एक दिवस सोडून. एकच जाड थर दिला तर ओघळतो.

लाकडाचा मूळ रंग ठेवायचा असेल तर हार्डवेअरच्या दुकानातलं जवसाचं तेल चिंधीने चोळा. पण ती चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. दोरीवर मोकळी पसरून वाळवा.

त्या ताईचं सगळं सामान हजाराच्या आत आलं. टेबल आता निळं आहे. रंग हाताला वाळल्यासारखा लागला तरी आठवडाभर त्यावर काही ठेवू नका. लेकीने तिसऱ्याच दिवशी पुस्तकं मांडली, आणि भूगोलाचं कव्हर अजून टेबलालाच चिकटलेलं आहे.