रोख रकमेऐवजी क्रायोस्टॅट

दक्षिण फ्रान्समध्ये 'ईटर' ही संलयन अणुभट्टी उभी राहते आहे. सूर्याच्या गाभ्यापेक्षा दसपट तप्त, म्हणजे सुमारे 15 कोटी अंश सेल्सिअसचा प्लाझ्मा तिथे चुंबकीय क्षेत्राच्या बळावर भिंतींपासून दूर धरून ठेवायचा आहे. बांधकामाचा जवळपास निम्मा भार युरोपचा. भारतासह इतर सहा देशांचा प्रत्येकी सुमारे 9 टक्के. मात्र हा वाटा बहुतांशी यंत्रभागांच्या रूपात द्यायचा असतो. भारताने दिलेला क्रायोस्टॅट, म्हणजे अतिथंड चुंबकांना सामावणारे प्रचंड निर्वात पात्र, सुमारे 3,850 टनांचा आहे. लार्सन अँड टुब्रोने सुरतजवळ हजीरा इथे त्याचे 54 भाग घडवले. करदात्यांचा पैसा देशातल्या कारखान्यात खर्ची पडला आणि असे पात्र घडवण्याचे कसबही इथेच मुरले. मला ही व्यवस्था फार मोलाची वाटते.

विलंब मात्र मोठा आहे. पहिला प्लाझ्मा 2025 मध्ये अपेक्षित होता. नव्या वेळापत्रकानुसार संशोधन 2034 मध्ये सुरू होईल. इतकी वर्षे तग धरायला सरकारी निधीच लागतो. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' हा टोकामॅक, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा धरून ठेवणारे यंत्र, 1989 मध्ये सुरू झाला, तोही अशाच निधीवर. भारत 'ईटर'मध्ये सामील झाला तो त्यानंतर सोळा वर्षांनी.