मालक : एक पूर्वज

हाँगकाँगमधल्या जुन्या चिनी पेढीच्या पाटीवर मालकाचं नाव शोधायला जाऊ नये. तिथे मंगल अक्षरं असत. १९०७ साली क्वोक बंधूंनी उघडलेल्या दुकानाचं नाव होतं ‘विंग ऑन’, म्हणजे चिरंतन शांती. भांडवल घालणारेही पुष्कळदा स्वतःच्या नावाने वहीत येत नसत. येत ते ‘थाँग’च्या नावाने. थाँगचा मूळ अर्थ दिवाणखाना. घराण्याचं, भावाभावांचं, कधी एकट्या माणसाचंही ते व्यवहारातलं नाव. बाजाराला त्यामागचा माणूस ठाऊक असे, ब्रिटिश न्यायाधीशाला नसे. पेढी बुडाली की तो विचारी : भागीदार कोण? इंग्रजी कायद्याने प्रत्येक भागीदार सगळ्या कर्जाला बांधलेला; चिनी रिवाजाने ज्याचा जेवढा हिस्सा तेवढं त्याचं देणं.

पण मला खरं थक्क करतो तो थाँगचा भाऊबंद, ‘चो’. चो म्हणजे पूर्वज. त्याच्या नावाने जमीन राखून ठेवायची, वाटणी करायची नाही, खंडाने द्यायची. येणाऱ्या खंडातून त्याची पूजा आणि थडग्यांची देखभाल करायची, उरेल ते वंशजांनी वाटून घ्यायचं. मुलगा जन्मला की हिस्सेदार झाला, वारला की हिस्सा संपला. हिंदू कायद्यातलं मिताक्षरा एकत्र कुटुंब ज्यांना माहीत आहे त्यांना हे किती ओळखीचं वाटेल!

इंग्रजी कायद्याला मात्र हे सोसणारं नव्हतं. मेलेल्याने जिवंतांच्या मालमत्तेला कायमचं जखडू नये, असा त्याचा दंडक. व्यवस्था लागू होताना हयात असलेल्या एखाद्या माणसाचं आयुष्य आणि वर २१ वर्षं, एवढीच मुदत असे. पेनांग या ब्रिटिश वसाहतीतल्या एका चिनी स्त्रीने मृत्युपत्रात स्वतःच्या व नवऱ्याच्या श्राद्धविधींसाठी एक घर कायमचं राखून ठेवलं होतं. १८७५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे वसाहतींच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, ती तरतूद रद्द केली. कायमची मुभा फक्त सार्वजनिक धर्मादायाला; हे विधी घरच्यांपुरते, त्यात धर्मादाय काही नाही, हे त्यामागचं कारण.

त्याच साम्राज्याने पुढे १८९८ मध्ये हाँगकाँगला लागून असलेला ‘न्यू टेरिटरीज’ हा मुलूख ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतला. तिथे गावोगावी चोंच्या जमिनी! इथे मात्र १९१० च्या कायद्याने न्यायालयांना जमिनीच्या बाबतीत चिनी रिवाज लागू करण्याची मुभा दिली. अट एवढीच, की प्रत्येक चोने आपला एक वहिवाटदार सरकारदरबारी नोंदवावा. देवस्थान इनामाच्या सातबाऱ्यावर देवाचं नाव आणि त्याखाली वहिवाटदार पाहिलेल्या आपल्या माणसाला ही युक्ती लगेच उमगेल.

वहिवाटदार सही करतो, जमीन विकायची तर सरकारी संमतीही घेतो. १९९७ मध्ये ब्रिटिश गेले, चो राहिले. भोवती उंच इमारती उठल्या आहेत, आणि जमिनीच्या दप्तरात आजही मालक म्हणून उभा आहे शेकडो वर्षांपूर्वी वारलेला एक पूर्वज.