राजा की मांडलिक? शुभवर्तमानांच्या संपादनाचा वाद

गालीलवर सत्ता चालवणारा हेरोद अंतिपा राजा कधीच नव्हता. रोमच्या मर्जीने थोरल्या हेरोदाच्या राज्याचा एक तुकडा त्याच्या वाट्याला आला होता आणि त्याचा हुद्दा मांडलिकाचा होता. इसवी सन 39 मध्ये तो कॅलिग्युलाकडे राजेपद मागायला गेला, तेव्हा पदरात पडली ती हद्दपारी. तरीही बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या वधाची कथा सांगताना शुभवर्तमानकार मार्क त्याला सरसकट राजा म्हणतो. तीच कथा सांगताना मत्तय पहिल्याच वचनात त्याला अचूकपणे मांडलिक म्हणतो. पण आठ वचने उलटतात आणि त्याच्याही लेखणीतून 'राजा' उतरतो. एवढ्यावर भागत नाही. मार्कच्या कथेत योहानाच्या जिवावर उठलेली असते हेरोदाची बायको हेरोदिया. हेरोद त्याला जपत असतो, म्हणून योहानाचे शिर मागितले जाताच तो कष्टी होतो. मत्तयच्या कथेत योहानाला मारण्याची इच्छा खुद्द हेरोदाचीच आहे, आणि तरीही ऐनवेळी तो कष्टी होतोच. हे दुःख मत्तयच्या कथेत उगवलेले नाही, ते त्याच्या समोर असलेल्या मार्कच्या मजकुरातून आले आहे. अभ्यासक मार्क गुडएकर यांनी 1998 मध्ये अशा जागांना संपादकाचा थकवा म्हटले: दुरुस्ती हौसेने सुरू होते, मग हात मूळ लिखाणाच्या वळणावर जातो.

शुभवर्तमानांच्या उगमाविषयीचा वाद दोन शतकांहून अधिक काळ चालू आहे. त्यात हरवलेल्या ग्रंथांच्या कल्पनांना जेवढे महत्त्व मिळाले, तेवढे या उघड्या टाक्यांना मिळायला हवे होते. मत्तय पहिला आणि मार्क त्याचा संक्षेप करणारा, हे ऑगस्टीनचे मत शतकानुशतके चालले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रीसबाखने मत्तय, मार्क आणि लूक ही तिन्ही शुभवर्तमाने शेजारी शेजारी रकान्यांत मांडली आणि मार्कने इतर दोघांवरून आपला ग्रंथ बेतला, असा निष्कर्ष काढला. पण गरसेकरांच्या मुलुखातील भूतग्रस्ताची कथा मार्कमध्ये वीस वचनांची आहे, मत्तयमध्ये सातच. संक्षेप करणारा माणूस कथा फुगवतो आणि प्रभूची प्रार्थना मात्र गाळतो, हे पटत नाही. शिवाय येशूला स्वतःच्या गावी चमत्कार करता आले नाहीत, असे मार्क बेधडक लिहितो; मत्तयकडे ते 'फारसे केले नाहीत' असे होते. भाविक संपादक अवघड विधान सौम्य करतो. सौम्य विधान अवघड करण्याचे कारण त्याला सापडणार नाही. म्हणजे मार्क आधीचा आणि मत्तय त्याच्यावरून लिहिणारा.

यावर एक वजनदार आक्षेप आहे: या कथा आधी तोंडोतोंडी फिरत होत्या, मग साम्य पाठांतरातून का आले नसेल? काही प्रसंगांपुरते ते शक्य आहे. पण यरुशलेमवरील अरिष्टाविषयी येशू बोलत असताना मध्येच वाचणाऱ्याला उद्देशून एक सूचना येते, आणि ती मार्क व मत्तय दोघांतही त्याच ठिकाणी आहे. श्रोत्यांपुढे बोलणारा वाचकाला हाक मारत नाही. ही लेखकाची टीप आहे आणि ती कागदावरून कागदावर उतरली आहे.

मार्कमध्ये नसलेला, पण मत्तय आणि लूक यांच्यात सामाईक असलेला मजकूर कुठून आला? 1838 मध्ये वाइसने वचनांच्या एका हरवलेल्या संग्रहाची कल्पना मांडली. पुढे त्याला 'क्यू' हे नाव मिळाले आणि 1924 मध्ये स्ट्रीटरच्या ग्रंथाने ती जवळजवळ रूढ केली. 1955 मध्ये ऑस्टिन फॅररने विचारले, लूकने मत्तय वाचला होता असे मानले तर या संग्रहाची गरज काय? मत्तयमधील डोंगरावरील प्रवचनासारखी सुरेख रचना लूक मोडून का विखरेल, हा स्ट्रीटरच्या बाजूचा मुद्दा मला कमकुवत वाटतो. रचनेची आवड संपादकागणिक बदलते. ज्याचे एकही पान कुणी पाहिलेले नाही, त्या ग्रंथाच्या आवृत्त्या आणि टप्पे ठरवत बसणे तर निश्चितच अती आहे.

संपादन मान्य केले की श्रद्धेला तडा जातो, ही भीती खरी आहे, पण ती चर्चच्याच इतिहासाशी जुळत नाही. दुसऱ्या शतकात तातियनने चारही शुभवर्तमानांचे एक सलग कथन रचले आणि सिरियाच्या चर्चमध्ये ते दीर्घकाळ वाचले जात होते. पाचव्या शतकात बिशप थिओडोरेटने त्याच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून बाजूला केल्या आणि त्यांच्या जागी चार स्वतंत्र ग्रंथ ठेवले. (एका धाग्यात ओवण्याची ओढ मात्र टिकली, 1616 मध्ये गोव्यात छापलेले थॉमस स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' तिचेच मराठी रूप आहे.) चर्चने विसंगतींसकट चौघांना जपले, म्हणून तर आज आपण त्यांची तुलना करू शकतो.

संपादनाच्या या वादात सध्या ऐरणीवर आहे तो मार्सियन. इसवी सन 144 च्या सुमारास रोमच्या चर्चपासून तुटलेल्या या माणसाने लूकचे शुभवर्तमान कापले, असा आरोप टर्टुलियनने केला. अभ्यासक मथियास क्लिंगहार्ट उलट म्हणतात: मार्सियनचा छोटा ग्रंथ आधीचा, आपला लूक त्याची वाढीव आवृत्ती. त्यांच्या बाजूने एक टाका दिसतो. लूकमध्ये येशू नासरेथच्या सभास्थानात कफर्णहूमातील आपल्या कृत्यांचा उल्लेख करतो, पण कथेत तो कफर्णहूमला अजून गेलेलाच नाही. मार्सियनच्या ग्रंथात कफर्णहूम आधी येत असे. टाका खरा आहे. मात्र मार्कमध्येही कफर्णहूम आधी आणि नासरेथ बरेच नंतर आहे. लूकने मार्कमधला प्रसंग उचलून आरंभी आणला आणि कफर्णहूमचा उल्लेख तसाच राहिला, एवढ्यानेच कोडे सुटते. मार्सियनला त्यात आणावे लागत नाही. शिवाय मार्सियनचा ग्रंथ आपल्याला भेटतो तो विरोधकांनी दिलेल्या तुटक उताऱ्यांतून, आणि संपादकाचा थकवा ओळखायचा तर सलग मजकूर हाती असावा लागतो.