बिट्टी खेळाच्या जागेपासून दूरच बरी
पाणी कमी लागते, गुरे तोंड लावत नाहीत आणि जवळपास वर्षभर फुले येतात; म्हणून बागेच्या कुंपणाला पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, सर्रास लावतात. पण गुरे जे टाळतात, ते लहान मूल टाळेलच असे नाही. खाली पडलेल्या बिट्ट्या मुले खेळायला गोळा करतात. बियांतील थेवेटिनसारखी विषारी द्रव्ये हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवतात. उलट्या होतात, प्रसंगी जीवही जातो. यासाठी सगळी झाडे तोडायला नकोत. झोपाळे-घसरगुंडीजवळ जास्वंद लावावी. बिट्टी रस्तादुभाजकावर शोभते. मुलाने बी चघळल्याची नुसती शंका आली, तरी घरगुती उपायांत वेळ न घालवता, उरलेले फळ सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.