अँड्रोजेन असंवेदनशीलता : शरीर, संज्ञा आणि ओळख

वैद्यकातील एखादी संज्ञा समाजात उतरते तेव्हा ती नुसती माहिती देत नाही. माणसाचे स्थानही ठरवू पाहते. अँड्रोजेन असंवेदनशीलता ही अशीच एक संज्ञा. तिचा शारीरिक अर्थ आधी पाहू.

गर्भात एक्स आणि वाय ही गुणसूत्रे असली की सामान्यतः वृषण तयार होतात व त्यांतून टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्रवू लागते. अँड्रोजेन गटातील या संप्रेरकाचा संदेश स्वीकारण्यासाठी पेशींत एक ग्राही प्रथिन असावे लागते. ते घडवणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. त्यात बदल झाला, तर संप्रेरक पुरेसे असूनही पेशी प्रतिसाद देत नाहीत. दारावरची थाप आत ऐकूच जात नाही. परिणामी बाह्य अवयव स्त्रीचे घडतात. वृषणातून स्रवणारे दुसरे एक संप्रेरक मात्र आपले काम करतेच, म्हणून गर्भाशय तयार होत नाही. पुढे वयात येताना शरीर टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते आणि स्तनांची वाढ होते. पूर्ण असंवेदनशीलता असलेले मूल त्यामुळे मुलगी म्हणूनच वाढते. सोळाव्या-सतराव्या वर्षीही पाळी आली नाही की शंका येते. क्वचित लहानपणी जांघेतील हर्नियाच्या शस्त्रक्रियेत वृषण आढळतात. अंशतः असंवेदनशीलतेत बाह्य रूप व्यक्तिगणिक वेगळे असते.

कर्करोगाच्या भीतीने पूर्वी हे वृषण लवकर काढून टाकत. पूर्ण असंवेदनशीलतेत वयात येईपर्यंत हा धोका अल्प असतो, हे ध्यानी आल्यावर आता बहुधा थांबतात आणि पुढील निर्णय त्या व्यक्तीशी बोलून घेतात. वृषण काढल्यास हाडांच्या बळकटीसाठी इस्ट्रोजेन घ्यावे लागते.

औषधांपेक्षा अवघड असते ते घरातले मौन. डॉक्टर आईवडिलांना सांगतात, आईवडील मुलीपासून लपवतात, आणि कधीतरी कपाटातल्या जुन्या कागदांतून तिला ते कळते. आपल्याकडे दोष आईच्या माथी मारण्याची सवयही आहे. जनुकातील बदल पुष्कळदा आईकडून येतो हे खरे. पण तो तिने निवडलेला नसतो, आणि काही वेळा तर तो मुलातच नव्याने घडलेला असतो. वयाला झेपेल तसे, टप्प्याटप्प्याने खरे सांगणे हेच इष्ट. विरारच्या कुटुंबाला त्यासाठी लोकलने परळ गाठता येते; केईएम रुग्णालय आणि राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था तेथेच आहेत.

या अवस्थेचे जुने नाव पाहा. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन मॉरिस यांनी १९५३ मध्ये तिला जे नाव दिले, त्याचा मराठी अर्थ 'वृषणजन्य स्त्रीकरण' असा होईल. आपल्या तपासणीच्या कागदावर हे शब्द वाचणाऱ्या स्त्रीला काय वाटत असेल, याचा विचार त्या नावात नव्हता. आजचे नाव पेशींच्या प्रतिसादाविषयी बोलते, स्त्रीत्वाविषयी निवाडा देत नाही.

असा निवाडा केवळ एका चाचणीवरून होऊ लागला की काय होते, हे नाशिक ग्रामीण पोलीस दलाच्या २०१८च्या भरतीत दिसले. लेखी व शारीरिक चाचणी पार केलेल्या एका तरुणीला वैद्यकीय तपासणीत गर्भाशय व अंडाशय नसल्याचे आढळले आणि गुणसूत्रांच्या चाचणीवरून तिला पुरुष ठरवण्यात आले. गर्भाशयाचा अभाव आणि एक्स-वाय गुणसूत्रे ही जोडी आपण वर पाहिलेल्या अवस्थेतही आढळते. तोवर तिला यातले काहीच ठाऊक नव्हते. ती मुंबई उच्च न्यायालयात गेली. जन्मापासून ती स्त्री म्हणूनच जगत आली आहे, तिला दोष देता येणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने मे २०२२ मध्ये घेतली. शासनानेही तिला पोलीस दलात सामावून घेण्याची तयारी दर्शवली. मात्र ती नोकरी शिपाईपदाची नव्हती, आणि भरतीच्या मैदानावर ती धावली होती ती त्याच पदासाठी.