जामखेडची चूल

1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे महाराष्ट्रातल्या जामखेडला आले, तेव्हा दवाखान्यासाठी त्यांना मिळाली ती गुरांच्या जुन्या दवाखान्याची जागा. दोघंही वेल्लोरला शिकलेले. गावं मात्र औषधाचं नावच घेत नव्हती. अन्न आणि पाणी मागत होती. आरोळ्यांनी ते ऐकलं, आणि मला वाटतं, पुढचं सगळं त्या ऐकण्यातून आलं.

तिथली पाच वर्षांखालची सुमारे 40 टक्के मुलं तेव्हा कुपोषित होती. सुरुवातीला बाहेरून मदत म्हणून आलेलं धान्य शिजवून मुलांना जेवू घातलं जाई. पण असं धान्य येतं तसंच बंदही होतं. मग शेतकरी मंडळं पुढे आली. कुणी जमीन दिली, कुणी श्रम दिले. त्या जमिनीत मुलांसाठी पीक निघू लागलं. गावातच चूल पेटली आणि वेगवेगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसली. ज्वारीच्या भाकरीपेक्षा हीच गोष्ट पचायला जड गेली असणार.

पण मुलं सुधारतायत का हे पाहायला त्यांची वजनं घ्यायची कुणी? आधी शिकलेल्या नर्स पाठवल्या, त्या गावात रुजल्या नाहीत. तेव्हा गावानंच निवडलेल्या बायका पुढे आल्या. बऱ्याच निरक्षर, अनेकजणी दलित. आठवड्यातून एकदा जामखेडला येऊन त्या शिकायच्या आणि गावात जाऊन शेजारणीशी बोलायच्या: पहिलं चिकाचं दूध टाकू नका, सहा महिने झाले की वरणभात कुस्करून भरवा. डॉक्टरनं सांगितलं तर सासू मान डोलावते. शेजारणीनं सांगितलं तर भांडते, आणि भांडणानंतर ऐकतेही. पुढे कुपोषणाचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

राज्यानं 2015 साली आदिवासी भागात अमृत आहार योजना आणली: गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक गरम चौरस जेवण, पुढे लहानग्यांना अंडी किंवा केळी. त्यासाठी गावात आहार समिती, तिच्यावर आयाही. कागदावर हे जामखेडच्या जवळचं आहे. फरक पैशाचा. जामखेडला पीक गावच्या शेतात होतं. इथे निधी वरून येतो, आणि तो रखडला की किराणा दुकानातली उधारी अंगणवाडी सेविकेच्या नावावर चढते. समितीच्या बायका सही करतात, पण चूल कधी पेटवायची हे त्यांच्या हातात कितपत असतं?