माळ्यावरचा मॉनिटर

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव, चिखली वा मलकापूरच्या एखाद्या घरात माळा आवरताना जुना सीआरटी मॉनिटर हाती येतो, तेव्हा तो भंगारात द्यावा असेच प्रथम मनात येते. तथापि तो चालू स्थितीत असेल, तर १९८९ साली आलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आई-वडिलांनी जसा पाहिला, तसाच मुलांनाही पाहता येतो.

अडचण आहे ती जोडणीची. १९८७ साली आलेली पंधरा पिनांची व्हीजीए जोडणी अॅनालॉग संकेत घेते. आजचे संगणक बहुधा एचडीएमआयमधून डिजिटल संकेत देतात. म्हणून मध्ये संकेताचे रूपांतर करणारा कन्व्हर्टर लागतो; नुसती साधी वायर पुरत नाही. नेहमीचा पडदा जोडलेला असतानाच रिझोल्यूशन ६४० बाय ४८० आणि ६० हर्ट्झ ठेवून मगच मॉनिटर जोडावा. क्षमतेबाहेरची वारंवारता जुन्या यंत्रास अपाय करू शकते.

त्या खेळाचे चित्र अवघे ३२० बाय २०० ठिपक्यांचे. सपाट पडद्यावर ते ठोकळ्यांसारखे भासते; काचनळीत इलेक्ट्रॉनांचा झोत त्याच्या कडा मृदू करतो.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. मॉनिटर कधीही उघडू नये. वीज बंद केल्यावरही नळीत हजारो व्होल्टचा भार उरलेला असू शकतो. नळीच्या काचेत शिसे असते, म्हणून निकामी मॉनिटर अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच सोपवावा. चालता आहे तोवर मात्र दोन पिढ्यांनी त्यावर एक डाव अवश्य खेळावा.